उतार

पौषातली पहाट होती. अंगणातल्या बादलीत हात घालवत नव्हता इतकं पाणी गार. वेचणीच्या बाया आणायला साडेपाचला कोलामांच्या वस्तीवर, पोडावर, पोचायचं होतं. जीपमध्ये बसलो, चाबी एक टप्पा फिरवली, हिटरचा दिवा लागू दिला, मनात वीस आकडे मोजले आणि सेल्फ मारला.

इंजिन फिरलं, पण कसं? बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस कूस बदलताना मध्येच थांबतो, श्वास घेतो, मग उरलेला वळतो, तसं. घुर्र, मग दम. पुन्हा घुर्र, पुन्हा दम. सायलेन्सरमधून न जळलेल्या डिझेलचा पांढुरका धूर आला आणि डोळ्यांना झोंबला. चौथ्या खेपेला एक सिलिंडर पेटलं, मागोमाग दुसरं, आणि सगळी गाडी गदगदा हलून एकदाची चालू झाली.

बंद पडलेली गाडी सरळ असते. ती चालत नाही, आपण मिस्त्रीला बोलावतो. सावकाश उठणारी गाडी आपल्याला ढिलं सोडते. चौथ्या वेळी का होईना ती सुरू होते, आपण कामाला लागतो, दुपारी इंजिन गरम असताना ती एका सेल्फात उठते आणि सकाळची गोष्ट मनातून जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. मी असे दोन महिने काढले. त्या दोन महिन्यांत मी पैसे घातले, वेळ घातला, पण एकदाही खाली वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं नाही. ते आता आठवलं की मन खातं.

जीप महिंद्राची एमएम 540, 1988चं मॉडेल. बाबांनी 2001 साली एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली. इंजिन फ्रान्सच्या प्यूजोच्या रचनेचं, एक्सडीपी 4.90, चार सिलिंडर, 2112 सीसी. ते आपल्या इगतपुरीत तयार व्हायचं, याचं बाबांना फार कौतुक होतं. आमचं गाव घाटंजी आणि पांढरकवड्याच्या मधलं, टिपेश्वरच्या जंगलाला लागून. जमीन काळी, कापसाची. मृगाचा पहिला दणका पडला की या मातीत पायातली चप्पल अडकून बसते. फोर-व्हील टाकून, फर्स्टमध्ये, इंजिनाच्या ताकदीवर हळूहळू निघणारी ही जीप तेव्हा घरात बैलजोडीच्या बरोबरीची होती. दसऱ्याला तिच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढायची. ती बाबाच बांधत, दुसऱ्या कुणाला बांधू देत नसत.

सुरू होणं ही गोष्ट आमच्या भागात किती वेगवेगळ्या तऱ्हांनी झालेली आहे, हे त्या दिवसांत माझ्या डोक्यात घोळत राहिलं. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावलेल्या शकुंतला रेल्वेला 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, 1921 साली मँचेस्टरला बांधलेलं. वाफेच्या इंजिनाला सकाळी निघायचं तर भट्टी कित्येक तास आधी पेटवावी लागते. पाणी तापणार, वाफ धरणार, दाब चढणार, तेव्हा कुठे चाक हलणार. मधल्या काळात पेट्रोलच्या विलीज जीप आल्या, 1949च्या सुमारास मुंबईत माझगावला जोडायला घेतलेल्या. त्यांना सेल्फ होता, तरी समोरच्या बंपरमधून हँडल घालून फिरवायची सोयही होती. बाबा तरुणपणी एका जिनिंगवर असताना तशी जीप चालवत. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही, हे त्यांनी मला मी आठ-नऊ वर्षांचा असताना शिकवलं होतं. इंजिनाने उलटा झटका दिला तर वळवलेला अंगठा मोडतो. हँडल मी आयुष्यात कधी फिरवलं नाही, पण अंगठा अजून तसाच ठेवतो, विहिरीच्या रहाटावरसुद्धा.

हँडलमधून जगाची सुटका केली ती चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने. 1912च्या कॅडिलॅक गाडीत त्याचा विजेचा स्टार्टर बसला. आधी तो दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रांवर काम करायचा. गल्ला उघडायला लहानशी मोटर क्षणभर मोठा जोर लावते आणि थांबते, हे त्याने पाहिलेलं. गाडीचं इंजिन फिरवायलाही दिवसभर चालणारी दांडगी मोटर नको, दहा सेकंद जीव लावणारी छोटी पुरे, ही त्याची कल्पना. आपला सेल्फ तेच करतो. पंख्याची मोटर संथपणे वर्षानुवर्षं फिरते. सेल्फ मात्र काही सेकंदांत दोनशे-तीनशे अँपिअर करंट ओढतो, सगळं बळ एकदम लावतो आणि सुटतो. त्या काही सेकंदांसाठी त्याला वाट मोकळी हवी.

डिझेलच्या इंजिनाला तर ते सेकंद फारच मोलाचे. त्यात ठिणगी टाकणारा प्लग नाही. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून मूळच्या बाविसाव्या हिश्शाएवढी करायची, त्या दाबाने ती इतकी तापली पाहिजे की वरून डिझेलचा फवारा पडताच भडका व्हावा. सायकलला हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते, ती हीच गोष्ट. पण पंप हळूहळू दाबून पाहा. नळी गरम होत नाही, कारण उष्णता तेवढ्या वेळात बाहेर निघून जाते आणि वायसरच्या कडेने हवाही निसटते. इंजिन सावकाश फिरलं की तसंच होतं. हवा रिंगांच्या फटीतून निसटते, उरलेलीची ऊब सिलिंडरच्या गार भिंती पिऊन टाकतात, डिझेल पडतं आणि न पेटता पांढरा धूर होऊन जातं. म्हणजे डिझेलची गाडी सावकाश फिरते तेव्हा तिची आग लागण्याची शक्यताच हिरावली जाते. ती जोरात फिरू शकली तर पुढचं सगळं तीच करते. हिटर असतो तो या उबेला थोडा हातभार म्हणून.

हे मला तेव्हा एवढं नीट माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की गाडी उठत नाही.

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच, बॅटरी गेली. पहाटेच्या थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि तेल घट्ट होतं हे खरंच आहे. आमच्याकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा म्हाताऱ्या बॅटऱ्या उघड्या पडतात. मी सात हजारांची नवी बॅटरी आणली. चार-पाच दिवस गाडी बरी उठली, मग पुन्हा घुर्र. दुसरा सल्ला, सेल्फ गेला. सेल्फ काढून पांढरकवड्याला नेला, कार्बन बदलले, बुश बदलले. बुश झिजले की आतलं आर्मेचर कडेला घासतं आणि सेल्फ जड फिरतो, हे दुकानदाराने मला जुना बुश हातात ठेवून दाखवलं. त्याच्या कामात खोट नव्हती, बुश खरंच झिजलेले होते. पुन्हा आठवडाभर बरं. मग पुन्हा तेच. तिसरा सल्ला हिटरचा. चारांपैकी एक हिटर गेलेला निघाला, बदलला. चौथ्याने पंप आणि नोझल सांगितले, पाचव्याने रिंगा. रिंगा म्हणजे इंजिन उघडायचं. तेवढ्यावर मी थांबलो.

प्रत्येक वेळी काहीतरी खराब निघत होतं, आणि त्यामुळेच मी फसत होतो. तेहतीस-पस्तीस वर्षांच्या गाडीत जिथे हात घालाल तिथे झीज सापडणारच. झीज सापडली की वाटतं, कारण सापडलं.

आमच्या फाट्यावर एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. काळी-पिवळीचा जमाना होता, कमांडर जीपमध्ये वीस-वीस माणसं बसून बाजाराला जायची, तेव्हा या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. आता नजर मंदावली आहे, दुकान पोराने घेतलं, तिथे दुचाक्या होतात. मी त्यांना घरी बोलावलं ते केवळ विचारायला, इंजिन उघडू का म्हणून.

ते संध्याकाळी आले. चहा घेतला. बॉनेट उघडलं नाही. म्हणाले, "भाऊ, लाईट लावा, गाडीचं तोंड भिंतीकडे करा, आन् सेल्फ मारा."

मी सेल्फ मारला. घुर्र, घुर्र.

"लाईट मंद झाले का?"

मी भिंतीकडे पाहिलं. जरासे हलले असतील, बाकी भिंत लख्ख होती.

"मंग बॅटरीले कायले दोष देता? बॅटरी कमजोर असती तं लाईट पार बसले असते. सेल्फ जाम असता तरी बसले असते. तुमच्या सेल्फपाशी करंट पोचूनच नाई राह्यला."

एवढं साधं! दोन महिने मी रोज पहाटे लाईट लावूनच सेल्फ मारत होतो आणि भिंत लख्ख असते याचं मला समाधान वाटत होतं. बॅटरी चांगली आहे म्हणून समाधान. त्याच उजेडाचा दुसरा अर्थ मला वाचता आला नाही.

मग त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं, मला अजून चार-पाच वेळा सेल्फ मारायला लावला आणि स्वतः आत हात घालून उभे राहिले. एखाद्याच्या कपाळाला हात लावावा तसा त्यांचा हात एकेका तारेवरून फिरत होता. बॅटरीच्या लाल तारेवर, सेल्फच्या बोल्टवर, आणि मग अचानक भलत्याच ठिकाणी थांबला. इंजिन बंद करायला डॅशबोर्डवरचा जो नॉब ओढतो, त्याची पोलादी केबल जिथे इंजिनाकडे जाते, तिथे.

"हात लावा इथं."

मी लावला. केबल गरम होती. इंजिन अजून सुरूही झालं नव्हतं, सगळं लोखंड गार होतं, आणि विजेशी काहीही संबंध नसलेली ती बारीक केबल पोळावी इतकी गरम.

"करंट जाते तसा वापसबी आला पाहिजे ना," काकाजी म्हणाले. "त्याची वाट मोडली हाय. मंग थो जिथून जागा भेटन तिथून येते."

शाळेत आपण बॅटरी, दिवा आणि दोन तारा असं चित्र काढतो. गाडीत दुसरी तार दिसत नाही, कारण सगळी गाडीच ती दुसरी तार असते. बॅटरीचं एक टोक जाड लाल तारेने सेल्फकडे जातं, त्या तारेकडे सगळ्यांचं लक्ष असतं. दुसरं टोक चेसिसला बांधलेलं असतं. सेल्फमधून बाहेर पडलेला करंट इंजिनाच्या अंगातून, तिथून चेसिसमधून, बॅटरीकडे परततो. पण इंजिन चेसिसवर थेट बसलेलं नसतं. हादरे पोचू नयेत म्हणून ते रबराच्या उशांवर बसवतात, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी बोल्टने जोडतात. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. वेणीसारखी, वीतभर लांब. दिव्यांना तिची गरज नाही, ते बॉडीतूनच परततात, म्हणून भिंत लख्ख होती. सेल्फला मात्र त्या एका वेणीवाचून परतायला जागा नाही. ती मोडली की करंट मिळेल त्या लोखंडातून वाट काढतो, आणि ती नॉबची बारीक केबल दोनशे अँपिअरच्या ओझ्याखाली तापते.

पुतण्या यवतमाळला डिप्लोमा करतो, तो त्या रात्री घरी होता. त्याने मीटर आणलं. एक सुई इंजिनाला, दुसरी बॅटरीच्या मायनसला, आणि मला म्हणाला, काका, मारा सेल्फ. आकडा आला 2.7. तो आकडा फार तर 0.2 असायला हवा होता. बॉनेटवरच्या धुळीत त्याने बोटाने मला हिशेब मांडून दाखवला. दोनशे सत्तर अँपिअर ओढायचे आणि वाटेत एका ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला, तरी 2.7 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारा व्होल्टांतले सेल्फ फिरवताना मुळातच दहाच्या आसपास उरतात, त्यातले जवळजवळ तीन या खिंडीत गेले. उरलेल्या सातावर सेल्फने डिझेलचं इंजिन उचलायचं. वर हिटरची आणि अल्टरनेटरची परतीची वाटही तीच, त्यामुळे हिटर पुरते तापत नव्हते आणि नवी बॅटरीही पुरती भरत नव्हती. बॅटरी, सेल्फ, हिटर, तिघांवरही आळ आला होता, आणि तिघंही उपाशी होते.

काकाजींना जमिनीवर आडवं होणं जमत नाही. मी पोतं अंथरून गाडीखाली सरकलो. पुतण्याने टॉर्च धरला.

ती पट्टी मला आधी दिसलीच नाही. गिअरबॉक्सच्या बाजूला काळ्या मातीचा थर वीटभर जाडीचा बसलेला. वर्षानुवर्षांचा चिखल, एकावर एक वाळलेला, दगडासारखा. पेचकसाने खरवडला तर ढपले निघाले, आत कुठे गवताची पाती, कुठे कपाशीच्या पऱ्हाटीचा तुकडा, आणि त्यांच्या आड पांढुरके खडे. तो युरिया होता. खताची पोती आम्ही याच जीपमधून आणतो. फाटकं पोतं असलं की दाणे पत्र्याच्या फटीतून खाली उतरतात, मातीत बसतात, ओल धरून ठेवतात. त्यातून सुटणारा अमोनिया तांब्याला खातो. पितळी भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, तशी ती तांब्याची वेणी कळकून हिरवीगार झाली होती. बोटाने दाबली तर कुरकुरीत शेवयांसारखी मोडत होती. दहा-बारा तारा काय त्या शाबूत.

आणि त्या वेणीवर आणखी एक तार गुंडाळलेली होती.

निळी, प्लॅस्टिकच्या वेष्टनाची, विहिरीवरच्या मोटरपंपाला वापरतो ती. टोकाची दोन-दोन इंचं दाताने सोलल्यासारखी वाकडीतिकडी सोललेली. एक टोक इंजिनाच्या बोल्टाला, दुसरं चेसिसच्या. मध्ये गाठ. ती गाठ मी ओळखतो. पोत्याचं तोंड शिवून झाल्यावर बाबा सुतळीची जी गाठ मारत, डावीकडून दोन वेढे आणि शेवटचा उलटा, तीच. मी टॉर्चच्या उजेडात बराच वेळ तिच्याकडे पाहत पडून राहिलो. वरून पुतण्या विचारत होता, काका, सापडलं का?

बाबांना हे माहीत होतं.

त्या क्षणी मला बाबांचा उतार आठवला. आमच्या अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात त्यांनी दोन ट्रॉल्या मुरूम टाकून एक चढ केला होता, फाटकाकडे उतरता. जीप कायम त्या चढावर, तोंड फाटकाकडे, पुढच्या चाकाखाली दगड. आम्ही विचारलं तर म्हणत, पावसाचं पाणी चाकाशी तुंबत नाही. आम्हाला ते पटलेलं होतं. ते कुठेही गेले तरी आधी उतार शोधायचे. लग्नाच्या मांडवाशी सगळ्या गाड्या सावलीत, बाबांची उन्हात, पण उतारावर. यवतमाळच्या दवाखान्यात कुणाला घेऊन गेले तर आवारात इंजिन चालूच ठेवायचे, डिझेल जळतं म्हणून आई बोलायची तरी. आम्ही या सगळ्याला बाबांचा स्वभाव म्हणत होतो. म्हातारा माणूस, त्याच्या सवयी.

डिझेलची गाडी उतारावर सोडली, वेग धरला की दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला, की चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे सेल्फ लागत नाही, बॅटरी लागत नाही, परतीची वाट लागत नाही. बाबांनी या गाडीचं दुखणं उतारावर सांभाळलं होतं. रात्री त्यांचं निघणं मी अंथरुणातून कितीदा ऐकलं आहे. आधी दगड बाजूला केल्याचा आवाज. मग हँडब्रेक सुटल्याचा कट्. मग काहीच नाही, फक्त मुरमावरून चाकं उतरतानाची चरचर. मग एक हिसका, आणि फाटकाबाहेर इंजिनाची धडधड. आमच्या घराला जीप निघण्याचा तोच आवाज माहीत होता.

रात्री ते निघायचे ते बहुतेक पोडावरून कुणीतरी आलेलं असायचं म्हणून. आमच्यापासून चार किलोमीटरवर जंगलाच्या तोंडाशी कोलामांचा पोड आहे, तीस-पस्तीस घरांचा. 2014 साली 108 नंबरची रुग्णवाहिका सुरू झाली, त्याआधी या भागात रात्री अडलेल्या बाईला किंवा पान लागलेल्या माणसाला न्यायला ज्याच्या दारात जीप त्याच्याकडेच यावं लागे. पान लागणं म्हणजे साप चावणं. सापाचं नाव रात्री घेत नाहीत. पांढरकवड्याला नेलं आणि तिथे म्हणाले यवतमाळला न्या, तर जोडमोह्याच्या वाटेने जंगलातून पुढचे सत्तरएक किलोमीटर. अशा रात्री घुर्र-घुर्र करत चौथ्या सेल्फाची वाट बघणं बाबांना परवडणारं नव्हतं. पोडाच्या वरच्या अंगाला टेकाड आहे, जीप तिथे उभी करून ते खाली चालत जात आणि माणसाला बाजेवर घालून वर आणायला लावत. मी दोन-तीनदा बरोबर होतो. मला वाटायचं, खाली घरापर्यंत गाडी का नेत नाहीत, रस्ता तर आहे. एकदा तसं बोललोही, जरा रागानेच. त्यांनी उत्तर दिलं नाही. बाजेची एक बाजू धरली आणि चढायला लागले.

ती निळी तार त्यांनी कोणत्या रात्री बांधली असेल? घरी बांधली असती तर पक्कडीने सोलली असती. दाताने सोललेली तार म्हणजे हाताशी काही नव्हतं. तेवढ्याने काम भागलं असेल, आणि मग पेरण्या, निंदण, वेचे, बहिणीचं लग्न, कापसाचे पडलेले भाव. दीडशे रुपयांची पट्टी आणायची राहून गेली असेल. तसाही उतार होताच.

बाबा जाऊन चार वर्षं झाली. मागच्या दिवाळीनंतर मी अंगण सपाट केलं. सोयाबीन, तुरी वाळवायला सिमेंटचं खळं हवं होतं. कोपऱ्यातला मुरमाचा चढ मीच उचलून बांधावर टाकला. गाडी सपाटीवर आली आणि दोन आठवड्यांत ती मला आजारी वाटायला लागली. ती आजारी होतीच, वीस वर्षांपासून असेल. मी फक्त तिचं औषध उचलून बांधावर टाकलं होतं.

नवी पट्टी पांढरकवड्याहून आणली. बोल्टाच्या खालचं चेसिस काकाजींनी मला कानशीने घासायला लावलं, लोखंड चांदीसारखं दिसेपर्यंत. रंगावर किंवा गंजावर पट्टी आवळली तर ती असून नसल्यासारखी. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा खार खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुतला, पुसला, आवळून वरून व्हॅसलीन लावलं. इंजिनाला नवी पट्टी, आणि बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाला आणखी एक जाड तार. ही काकाजींची हौस. "दोन वाटा असू द्या," म्हणाले. निळी तार मी फेकली नाही. गाठ न सोडता तशीच काढली, ती देवघराखालच्या कपाटात आहे.

पैसे विचारले तर काकाजी म्हणाले, तुमच्या बाबांनी माझ्या पोराले रात्री यवतमाळले नेलं होतं, तुम्हाले आठवत नसन. मला खरंच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेवढीच थंडी. मी बसलो, हिटरचा दिवा लागू दिला, वीस मोजले, सेल्फ मारला. एक घुर्रही झाली नाही. एकदम सलग, भरल्या आवाजात इंजिन फिरलं आणि पेटलं. धूर नाही. मी तसाच बसून राहिलो, ॲक्सिलेटरवर पाय न ठेवता, ते आपोआप शांत होत जाणारं ऐकत.

घराचं दार उघडलं. आई शाल गुंडाळून ओट्यावर आली होती. तिला आता कमी दिसतं, पण कान अजून तिखट आहेत.

"कोन आलं रे?" तिने विचारलं. "कोनाची गाडी व्हय?"

"आपलीच आहे, आई."

ती ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली आली आणि उभी राहिली. जीपकडे तोंड न करता, अंगणाच्या त्या कोपऱ्याकडे, जिथे आता सिमेंटवर तुरी पसरल्या होत्या.